‘नवीन औषध आलंय म्हणं, वहिनी!’ : कात्रण घेऊन मुंबईला निघण्याआधी काय बघायचं

निपाणीत आमचं मेडिकल आहे. मी बी. फार्म. झाले, लग्न होऊन इथं आले आणि सासऱ्यांच्या काउंटरमागं उभी राहिले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तर येतातच, पण हल्ली त्यांच्याबरोबर कात्रणंही येतात. कुणी पेपर कापून आणतं, कुणी मोबाईलच पुढं सरकवतं. "वहिनी, हे बघा की. क्यान्सरवर औषध निघालंय म्हणं. तुमच्याकडं येतंय काय?" तंबाखूचं गाव आमचं. विड्या वळणाऱ्या बायका, मिश्रीची सवय, गालात चुना-तंबाखूची गोळी. त्यामुळं या प्रश्नाला हसून चालत नाही.

मीही एकदा अशाच बातमीनं फसले आहे. फसले म्हणजे बातमी खोटी नव्हती, मी ती अर्धीच वाचली.

जून २०२२. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब नावाचं औषध दिलं आणि बाराच्या बारा जणांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या वडिलांना तोच कॅन्सर होता. कोल्हापूरला रेडिएशनची तारीख मिळालेली. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "एकदा मुंबईला दाखवून तरी या." त्यानं दोन म्हशी विकल्या आणि वडिलांना घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एमएमआर केलंय का? ब्लॉक कुठाय?" ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा मेणात घातलेला तुकडा, तो गावाकडं लॅबमध्ये. तो आणायला परत फेरी, मग तपासणी, मग रिपोर्टची वाट. रिपोर्ट आला तेव्हा कळलं की हे औषध त्यांच्या गाठीला लागू नाही. रेडिएशन पाच आठवडे मागं पडलं ते पडलंच.

ते १२ जण कोण होते, हे बातमीच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलेलं होतं. पेशीत डीएनएची नक्कल होताना ज्या चुका होतात, त्या दुरुस्त करणारी एक यंत्रणा असते, तीच एमएमआर. ती ज्यांच्या गाठीत बंद पडलेली होती, तेवढेच रुग्ण निवडले होते. गुदाशयाच्या १०० कॅन्सरांत अशा गाठी ५ ते १० निघतात. म्हाताऱ्याची गाठ उरलेल्या नव्वदातली. पुढं २०२५ मध्ये याच औषधाचा मोठा निकाल आला. गुदाशयाच्या ४९ जणांत ४९ जणांची गाठ गेली, म्हणजे औषध फुसकं नव्हतंच. पण ते ४९ जणही त्याच दोषाच्या गाठीचे.

तेव्हापासून गल्ल्याशेजारी एक दोनशेपानी वही आहे. कात्रण आलं की मी आधी वही उघडते, मग तोंड. मी डॉक्टर नव्हे, औषध द्या की नको हे सांगणं माझं काम नव्हे. पण डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या त्या सात-आठ मिनिटांत नेमका प्रश्न विचारता यावा, एवढी तयारी कुणालाही करता येते. ती कशी, ते सांगते.

कुणावर केलं?

"गुण येतो का?" हा प्रश्न पहिला नव्हेच. आधी "कुणाला दिलं?" ते शोधायचं. निम्म्या बातम्या इथंच गळतात, कारण उत्तर निघतं ‘उंदरांना’ किंवा ‘काचेच्या ताटलीतल्या पेशींना’. ताटलीत कॅन्सरच्या पेशी मारणं अवघड नाही, व्हिनेगर ओतलं तरी मरतील. हळदीच्या बहुतेक बातम्या ताटलीतल्या असतात. सांगली जवळ असल्यामुळं त्या आमच्याकडं जास्त फिरतात, असा माझा आपला संशय.

माणसांना दिलं असेल, तर वहीत चार ओळी लिहायच्या: कितवी स्टेज, गाठीवर कुठली खूण म्हणजे मार्कर, आधी काय उपचार झालेले, आणि रुग्ण हिंडता-फिरता होता की अंथरुणावर. त्याच चार ओळी आपल्या माणसाच्या फाईलवरून शेजारी लिहायच्या. एक ओळ जरी जुळली नाही, तरी बातमी फेकायची नाही. तिथं गोल करायचा. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तोच.

मग टप्पा. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर डोस झेपतो का बघतात. दुसऱ्यात उपयोगाची चिन्हं दिसतात का ते बघतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, जुन्या उपचाराशी तुलना करतात. पेपरवाले तिन्हींना ‘संशोधकांना यश’ एवढंच म्हणतात.

मूळ कागद उलटा वाचायचा

बातमीवर कधीच थांबू नये. पबमेड म्हणून फुकटचं संकेतस्थळ आहे. त्यात औषधाचं आणि रोगाचं नाव इंग्रजीत टाकलं की संशोधनाचा गोषवारा निघतो. पार्श्वभूमी, पद्धत, निकाल, निष्कर्ष अशी साधारण मांडणी असते. बातमी निष्कर्षावरून लिहितात. आपण ‘पद्धत’ आधी वाचायची, मग ‘निकाल’. निष्कर्ष सगळ्यांत शेवटी, तोही चहा पिऊन झाल्यावर.

एक उदाहरण घरचंच. माझ्या थोरल्या नणंदेला गालाचा कॅन्सर झाला. जन्मभर मिश्री लावलेली. ऑपरेशन झालं, वर्षानं परत उठला. पुन्हा ऑपरेशन होणार नव्हतं. तिचा मुलगा एका रात्री शटर अर्धं खाली ओढल्यावर आला आणि मोबाईल पुढं केला. "मामी, टाटाचं औषध आहे. स्वस्तातलं. त्रेचाळीस टक्के बरे झालेत!"

आम्ही दोघांनी काउंटरवर बसून गोषवारा काढला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं काम, २०२३ मध्ये छापलेलं. पद्धत वाचली. डोक्या-मानेचा कॅन्सर, पुढं गेलेला किंवा उलटलेला, पूर्ण बरा करण्याचा हेतू उरलेला नाही असे रुग्ण. पण हिंडते-फिरते. १५१ जण, दोन गट. दोघांनाही मेथोट्रेक्सेट, सेलेकोक्सिब आणि अर्लोटिनिब ही औषधं. एका गटाला त्यावर निवोलुमॅब हे महागडं इंजेक्शन जास्तीचं, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम. नेहमी हे औषध दोन आठवड्यांना २४० देतात. म्हणजे दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येण्याची शक्यता.

मग निकाल. एक वर्षानंतर जिवंत असलेले: पहिल्या गटात १६.३ टक्के, निवोलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के.

"बघा, त्रेचाळीस!"

"बरे झालेले नव्हेत रे. वर्षभर जगलेले."

तो गप्प झाला. पुढची ओळ त्यानंच वाचली: मध्यावरच्या रुग्णाचं आयुष्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. बराच वेळ बोटानं तीच ओळ घासत बसला.

सगळ्यांत जास्त माणसं अडखळतात ती इथं. काय मोजलं, हे बघायलाच पाहिजे. गाठ लहान झाली, आजार काही महिने थांबला, वर्षभर जगले, पूर्ण बरे झाले, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पेपरात चारींना एकच शब्द, ‘गुणकारी’. वहीत मी ‘काय मोजलं?’ असा लाल शाईचा रकाना केलाय.

आम्ही तो कागद छापून कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं नेला. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. त्यांनी किडनीचा रिपोर्ट बघितला, ती घरचं काम स्वतः करते का विचारलं. ती तेव्हा भाकऱ्यासुद्धा थापत होती. औषध सुरू झालं. नऊ महिने मिळाले. त्यात नातवाचं बारसं झालं. कमी की जास्त, ते मी ठरवणार नाही. पण भाच्याला आधीच कळलं होतं की आपण काय मागायला चाललोय, आणि त्यामुळं तो नंतर कुणावर चिडला नाही.

टक्क्यांचं माणसांत रूपांतर

‘धोका निम्मा झाला’ असं वाचलं की लगेच विचारायचं, कितीवरून कितीवर? यासाठी उदाहरण शोधायला परदेशात जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, १,६२० बाळंतिणींवर एक अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर त्यात होते, आणि गोळी द्यायला गावोगावच्या नर्सबाई. बाळंतपणानंतर रक्त जास्त जाऊ नये म्हणून निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. जवळपास निम्मा. तेच माणसांत सांगायचं तर, १८ बाळंतिणींना गोळी दिली की एकीचा जास्त रक्तस्राव टळतो. मला हा अठराचा आकडा आवडतो. तो डोळ्यांपुढं उभा राहतो, टक्का राहत नाही.

उलटं उदाहरण हार्मोनचं. पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो, ही २००२ सालची अमेरिकेतली बातमी अजून फिरते आणि बायका घाबरून चिठ्ठी परत करतात. १६,६०८ बायकांचा तो अभ्यास, खरा आणि मोठा. पण हिशेब असा: वर्षाला १०,००० बायकांत कॅन्सर ३० ऐवजी ३८ निघाले. आठ जास्त. आठ म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाही. घरात आईला-बहिणीला कॅन्सर झालेला असेल तर तो आठाचा आकडा वेगळा वाटणारच. पण डॉक्टरांशी बोलायचं ते आठावर, सव्वीसवर नव्हे.

एकच गोळी, दोन आजार

गेल्या पावसाळ्यात एक नवी नवरी दुकानात परत आली, डोळ्यांत पाणी. "वहिनी, तुम्ही मला कॅन्सरची गोळी दिलीसा!" पाकिटावरचं नाव मोबाईलवर शोधलं होतं तिनं. लेट्रोझोल. चिठ्ठी बरोबर होती. तिला पीसीओडी, म्हणजे बीज वेळेवर पिकून बाहेर पडत नाही, आणि मूल हवंय.

लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन तयार होणं कमी करतं. स्तनाच्या काही गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात, त्यांची रसद तुटते. म्हणून ती कॅन्सरची गोळी, रोज एक, वर्षानुवर्षं. पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस घेतली तर मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडलं, आणि तो बीजांडाला पिकवणारा हार्मोन जास्त सोडतो. औषध तेच, काम वेगळं. पीसीओडीच्या ७५० बायकांवरचा २०१४ चा अभ्यास आहे: त्यासाठीच्या जुन्या गोळीवर, क्लोमिफिनवर, १९.१ टक्के बायकांना मूल झालं, लेट्रोझोलवर २७.५ टक्के. आपल्याकडं २०११ मध्ये सरकारनं वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी आणली होती, ती नंतर उठली. त्यामुळं इंटरनेटवर बंदीच्या जुन्या बातम्या सापडतात आणि नव्या खाली गाडल्या जातात. म्हणून बातमीची तारीख आधी बघायची, नाव नंतर.

चाचणी आपल्याकडं चालू आहे का?

भारतात औषधाच्या चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना तिथं नोंद सक्तीची झाली. संकेतस्थळ सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. बघणं फुकट. प्रत्येक चाचणीला सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना आणि आकडे असा नंबर असतो. कुणी तुम्हाला ‘ट्रायलमध्ये घेतो’ म्हणालं तर आधी हा नंबर मागा. नंबर सांगायला टाळाटाळ झाली, तर चप्पल घाला आणि घरी या. पैसे मागितले तर चप्पलही घालत बसू नका.

नोंद लांबलचक असते, सगळी वाचायची नाही. तीनच ठिकाणं बघायची. भरती चालू आहे की संपली. कुठल्या गावात, कुठल्या हॉस्पिटलात केंद्र आहे: बहुतेक वेळा मुंबई, बेंगळुरू, पुणे, पण बेळगाव, कोल्हापूरचीही नावं दिसतात. आणि कुणाला घेणार, कुणाला घेणार नाही, या दोन याद्या. साखर, किडनी, आधीची केमो यांवर माणसं तिथं अडतात. रात्री दहाच्या गाडीत बसण्याआधी ही यादी बघितली तर तिकीट वाचतं. केंद्राचा फोन तिथंच दिलेला असतो. आधी फोन, मग गाडी.

संमतीचा कागद मराठीत मागा

आम्ही कर्नाटकातले मराठी, म्हणून आमच्या भागातल्या लोकांना हे मला खास सांगायचंय. माझ्या सासूबाईंना बाजारापुरतं कानडी फर्डं येतं. वाचायला अक्षर येत नाही, कारण शाळा मराठी. अशा हजारो बायका आहेत, खानापूरपासून निपाणीपर्यंत. त्यांच्यापुढं कानडी नाहीतर इंग्रजी कागद येतो आणि त्या "कुठं करू सही?" एवढंच विचारतात. एका हॉस्पिटलात मी स्वतः शेजारी उभी होते. माहितीपत्रक अकरा पानांचं, समजावणं दोन मिनिटांचं. मी मराठी प्रत मागितली तर तो मुलगा माझ्याकडं असा बघायला लागला, की मी मोर्चा घेऊन आलेय. यात भाषेचं भांडण नाही हो. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणं, ही चाचणीच्या नियमांतलीच अट आहे. प्रत चार दिवसांनी आली, आणि ती चाचणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः बसून वाचून दाखवली.

वाचता येत नसेल तर हॉस्पिटलचा नसलेला, तटस्थ साक्षीदार हजर लागतो. अंगठ्याआधी तो कागद त्याच्यासमोर वाचला गेला पाहिजे. सही झाल्यावर एक प्रत आपल्या हातात. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. मधूनच सोडायचं असेल तर केव्हाही सोडता येतं, आणि त्यामुळं नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. वहीत मी यापुढं एक प्रश्न जोडलाय, जो लोक विसरतात: चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरलं तर पुढं मिळणार का, आणि कुणाच्या पैशानं?

दुर्मीळ आजारात हिशेब बदलतो

वर मी १२ जणांच्या बातमीला नाक मुरडलं, पण लहान आकडा प्रत्येक वेळी वाईट नसतो. एसएमए नावाच्या आजारात बाळाचे स्नायू हळूहळू निकामी होतात. झोल्जेन्स्मा या जनुक-उपचाराचा २०१७ मध्ये छापलेला अभ्यास फक्त १५ बाळांवर होता आणि तुलनेला औषध न दिलेला गटही नव्हता. पण २० महिन्यांची झाली तेव्हा पंधराही बाळं कायमच्या श्वासयंत्राशिवाय जिवंत होती. आधीच्या नोंदींत हे भाग्य ८ टक्क्यांनाच. असा फरक बघायला हजार बाळं लागत नाहीत, आणि हजार बाळं मिळणारही नाहीत.

सोळा कोटींच्या इंजेक्शनचे वर्गणीचे फोटो तुम्हीही बघितले असतील. अमेरिकेत ते दोन वर्षांखालच्या बाळांसाठी मंजूर आहे, म्हणून पैसे गोळा करायच्या आधी वय बघा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ठरवून दिलेल्या हॉस्पिटल-संस्थांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळते. आपल्याला जवळची म्हणजे बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स आणि मुंबईचं केईएम हॉस्पिटल. जनुकाच्या तपासणीचा कागद असल्याशिवाय तिथं गाडी पुढं सरकत नाही. आणि आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं होतात, हे डॉक्टरांपासून लपवू नका. आई-बाप दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण बिघडलेलं जनुक अंगात, तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता असते. दुसऱ्या बाळाआधी विचारायची गोष्ट आहे ही.

पिशवीत काय

सगळ्यांत शेवटी ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणात घालून केलेला छोटा चौकोन, अंगठ्याएवढा. मार्करच्या पुढच्या तपासण्या त्यावरच होतात. नुसत्या रिपोर्टवर होत नाहीत. लॅबमध्ये अर्ज लिहून द्या, ब्लॉक आणि स्लाईड दोन्ही मागा, नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवा. मिळायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी अर्ज. ब्लॉक काढला की लॅबच्या रजिस्टरवर सही करतात, त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मे महिन्यात गाडीच्या काचेपुढं ठेवू नका, मेण आहे ते. परवा एकजण पेढ्याच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून घेऊन गेला, वर चिठ्ठी चिकटवून: ‘औषध आहे, उघडू नये.’ घरात लहान पोरं आहेत म्हणाला.